बिनआरशाचे काका

"कॅमेरा घ्यायचाय" म्हटलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. बिनआरशाचे काका विचारायचे, "कोणाचा चेहरा?" समोरच्याचाच चेहरा मग बघण्यासारखा व्हायचा. बहुतेक जण म्हणायचे, असं काही ठरवलं नाही हो, सगळ्यांचेच काढू. त्यावर काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "सगळ्यांचे काढायला फोन आहे तुझ्याकडे. एका माणसासाठी घ्यायचा असेल तर बोलू." मला त्यांनी हे विचारलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं. नानांचा. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. मला त्यांचा चेहरा हवा होता आणि गळाही, आणि तेही ते गातायत तोवर.

काकांचं हे नाव माझ्या आईने पाडलेलं. आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, काका-काकू दुसऱ्या. कोलशेतची कंपनी बंद झाल्यावर काका घरी बसले आणि दिवसभर कॉम्प्युटरवर कॅमेरे बघू लागले. एकदा जिन्यात आईने विचारलं, एवढं काय असतं त्यात. काका खूश. त्यांनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवून सगळं समजावलं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात एक छोटा आरसा असतो, त्यामुळे तो जड. नव्यात आरसाच काढून टाकलाय, म्हणून हलका. ह्याला मिररलेस म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे बिनआरशाचा." झालं. आठवड्याभरात अख्खी बिल्डिंग त्यांना बिनआरशाचे काका म्हणायला लागली. त्यांना राग नव्हता. "वहिनींनी बारसं केलं," असं पाहुण्यांनाही सांगायचे.

इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात लेन्सवरची धूळ उडवायचा काळा रबरी फुगा. हा फुगा ते कशावरही मारत. माझ्या चष्म्यावर, कॅरमच्या सोंगट्यांवर, एकदा तर काकूंनी बशीत घालून पुढ्यात ठेवलेल्या नानकटाईवर. काकू म्हणाल्या, "मी आजच केलीय हो." काका म्हणाले, "धूळ तारीख बघत नाही." मी त्या घरात किती वेळा चहा प्यायले त्याला हिशोब नाही. वडील गेल्यावर मला हक्काने कोणी रागवायचं राहिलं नव्हतं, ते काकांनी केलं. हे सगळं मी गोड बोलायला सांगत नाहीये. माणूस आवडत होता म्हणूनच पुढचं लागलं.

दुकानात त्यांना बघायला मजा यायची. ठाण्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात ते बिल्डिंगमधल्या कोणालाही घेऊन जायचे. तिथली पोरं त्यांना बघूनच स्टूल पुढे करायची. काका कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि भलतीच चौकशी सुरू करायचे. गाव कुठलं, आंबे कसे झाले, बहिणीचं लग्न कुठे ठरलं. बोलता बोलता समोरच्याचा हात खाली आला की म्हणायचे, "जड होतोय तुला. पुढचा दाखवा." दुकानदाराकडून त्यांनी कधी कपभर चहाच्या वर काही घेतलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पहिल्या मजल्यावरच्या केतनला फिरण्याचे व्हिडिओ करायचे होते आणि त्याच्या डोक्यात उजेड टिपणाऱ्या सगळ्यात मोठ्या सेन्सरचा, महागडा कॅमेरा बसलेला. काकांनी विचारलं, कोणाचा चेहरा. तो लाजून म्हणाला, "माझाच." काका म्हणाले, "मग तुला पुढे वळणारा स्क्रीन हवा, स्वतःला दिसशील असा. मोठा सेन्सर घेऊन काय करतोस, त्याच्या लेन्सा घेता घेता म्हातारा होशील." मग त्यांचं नेहमीचं सुरू. स्वस्त कॅमेरा वेगळा आणि परवडणारा वेगळा. स्वस्तात माइक लावायला भोक नसतं, सलग व्हिडिओ घेतला की तो तापून बंद पडतो, आणि हात हलला की चित्र हलतं. परवडणाऱ्यात एवढ्या तीन गोष्टी बघायच्या, बाकी पैसे लेन्सला ठेवायचे. "बॉडी दोन वर्षांत जुनी होते रे. लेन्स जपलीस तर पोरांना देशील." केतन मधला कॅमेरा घेऊन आला आणि अजून तोच वापरतो.

मला मात्र त्यांनी कॅमेऱ्याआधी बघायला शिकवलं. रविवारी दुपारी त्यांच्या लॅपटॉपवर आम्ही लग्नाच्या सीड्या, मुलाखती, काय मिळेल ते बघायचो. मी म्हणायचे, काय सुंदर उजेड आहे. ते म्हणायचे, "चित्र काय बघतेस, कट बघ." एका मुलाखतीत पुढाऱ्याच्या पुढ्यातला कप आधी भरलेला होता, पुढच्या क्षणी अर्धा. काकांनी तिथे थांबवलं. "मधे तो काहीतरी बोलला. ते आपल्याला दाखवायचं नव्हतं. कोणी काय लपवलं ते कटमध्ये सापडतं, पनू. हात बघायचे, कप बघायचा, ओठ बघायचे." तेव्हापासून मला एकही मुलाखत सुखाने बघता येत नाही.

तर नाना. नाना कोपरीला मामा-मामीकडे चाळीत राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी गायन पार्टीत होते. १४ एप्रिलच्या जयंतीला, नामकरणाला, मंगल परिणयाला त्यांची पार्टी लागायची. गाणी स्वतः रचायचे आणि कागदावर एकही उतरवलेलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "लिवला की दुसरा कोनतरी आपल्या नावार गातो गो." पार्टीतले बाकीचे एकेक करून गेले, पेटीवालाही गेला. ती गाणी आता फक्त नानांच्या गळ्यात होती, आणि नानांचं वय झालेलं. फोनवर मी दोनदा घेऊन बघितलं. पंख्याची घरघर आणि नानांच्या तोंडावर काळोख, एवढंच आलं. म्हणून मला कॅमेरा हवा होता, आणि तोही लवकर.

काका म्हणाले, "खोली बघितल्याशिवाय मी कॅमेरा सांगणार नाही." मला केवढं कौतुक वाटलं. मी स्वतः त्यांना कोपरीला घेऊन गेले. त्यांनी खोलीत उभं राहून टाळी वाजवली, आवाज घुमतो का ते ऐकलं. ट्यूबलाइट लावून-बंद करून बघितली. नानांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, पंखा बंद करायला लावला आणि म्हणाले, "इथे माइकचं भोक हवंच. आणि अंधारात चालणारी लेन्स. आणि नानासाहेब हात फार हलवतात, तेव्हा चेहरा न सोडणारा फोकस." नाना तर 'साहेब' म्हटल्यामुळेच फुगलेले. त्यांनी एक ओळ गाऊन दाखवली, मामीने पोहे केले, आणि निघताना नाना माझ्या कानात म्हणाले, "मानूस चांगला हाय तुझा." त्या संध्याकाळी काकांनी मॉडेल पक्कं केलं. पैसेही माझ्याकडे जमलेले होते. मी म्हटलं, उद्या जाऊ या दुकानात.

"थांब," काका म्हणाले. "नवं मॉडेल येतंय. ते आलं की ह्याची किंमत खाली येईल."

मी थांबले. पाडवा गेला. मी विचारलं, ते म्हणाले, थांब, गणपतीत ऑफर असते. गणपती गेले. थांब, दिवाळी तोंडावर आलीय, आता घेतलास तर मूर्खपणा. मी म्हटलं, मग एक दिवस भाड्याने आणू, नानांचं तेवढं घेऊन टाकते. त्यावर त्यांनी नाक मुरडलं. "भाड्याचा कॅमेरा म्हणजे दुसऱ्याची चप्पल. चालशील, पण लंगडत. नानांचं काम असं करायचं का तुला?" मला पटलं. ज्या माणसाने केतनचे पैसे वाचवले, जो चहाच्या वर काही घेत नाही, त्याचं का नाही पटणार? त्या दिवसांत नाना फोनवर उगाच हसायचे. काय झालं विचारलं की, "काय नाय गो, गंमत हाय," म्हणून फोन मामीकडे द्यायचे. मला वाटायचं, वय झालं.

दिवाळीच्या आधीच नानांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी हॉस्पिटलात पोचले तर ते जागे होते. मला बघून डाव्या हाताची मूठ डोळ्याजवळ नेली आणि बोट हवेत दाबलं. फोटो काढल्यासारखं. मग माझ्याकडे बोट, मग परत डोळ्याजवळ मूठ, आणि अर्ध्या तोंडाने हसले. मला वाटलं विचारतायत, कुठाय तुझा कॅमेरा? मी त्यांचा हात धरून म्हटलं, "नाही घेतला नाना अजून. राहिलाच." त्यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. परत तीच खूण. मला कळेना आणि त्यांना सांगता येईना. मी बाहेर येऊन बाकावर रडत बसले. काका आले होते. त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, बशीत ओतून दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नानांचा आवाज तुझ्या कानात आहे की नाही? मग तो कुठे जात नाही." नाना त्या आठवड्यात गेले. पोचवायलाही काका आले होते.

पुढच्या जयंतीच्या सुमारास ऑफिसमधल्या एकीने मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "अगं, हे तुझे नाना ना?"

नाना खिडकीकडे तोंड करून बसलेले. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसतेय, हात हलला तरी फोकस चेहऱ्यावरच. आवाज असा, की श्वास घेतलेला ऐकू येतो. त्या खोलीत आम्ही जे जे ठरवलं होतं ते सगळं त्यात होतं. वर चॅनेलचं नाव, 'हरवलेले आवाज'. खाली, 'शोध, संकलन व छायाचित्रण', आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. एकामागून एक, नानांची सगळी गाणी. शोध म्हणे. नाना काय हरवले होते का? कोपरीला राहत होते, मी स्वतः रिक्षात बसवून नेलं होतं तुम्हाला.

मी तशीच ऑफिसातून कोपरीला गेले. मामी कपडे वाळत घालत होती. मी फोन पुढे धरला. ती म्हणाली, "अगं, आता टाकला होय त्यांनी? तुझ्या वाढदिवसाचं होतं ते."

"कसलं वाढदिवसाचं?"

"सरप्राईज. ते काका यायचे ना दुपारचे, तू ऑफिसला असायचीस तेव्हा. नवीनच कॅमेरा घेतलेला त्यांनी. म्हणाले, पनूला बोलू नका, तिला द्यायचंय. नाना तर काय खूश. पोट धरून हसायचे, पनूला पत्ता पण नाय म्हणून. प्रत्येक गाण्याच्या आधी बोलायचे, पनू, हे तुझ्यासाठी हाय गो. मग गायचे." मामीने हातातला पिळा परत बादलीत टाकला. "तुला दिलं नाय का त्यांनी?"

तेव्हा मला ती खूण कळली. नाना मला कॅमेरा कुठाय म्हणून विचारत नव्हते. बघितलंस का, मिळालं का, एवढंच विचारत होते. आणि मी त्यांना सांगितलं, राहिलाच.

आणि आमचे काका बाहेर बाकावर बसून मला चहा पाजत होते. त्या वेळी ती सगळी गाणी त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती. तो लॅपटॉप हॉस्पिटलात आणून नानांसमोर मला दाखवला असता, तर काय गेलं असतं त्यांचं?

मी त्यांच्या दारात गेले तेव्हा दार उघडंच होतं. भिंतीवर नवा फोटो, काका शाल-श्रीफळ घेताना. काका टेबलाशी फुग्याने लेन्स साफ करत होते. माझंच मॉडेल. मी बसले नाही. म्हटलं, "काका, मला थांब म्हणालात."

त्यांनी आव आणला नाही, हे कबूल करते. फुगा खाली ठेवला. "पनू, शांतपणे विचार कर. तू घेतलं असतंस तर असं आलं असतं का? तुझा पहिलाच कॅमेरा. अशा कामाला दुसरी संधी नसते."

"मग तसं सांगायचं होतंत. मी लाइट धरून उभी राहिले असते. तुम्हीच घ्या म्हटलं असतं."

"आवाज वाचला ना? कोणी वाचवला ह्याने काय फरक पडतो?"

"मग खाली तुमचं नाव कशाला?"

आत काकूंनी कुकरखालचा गॅस बंद केला, म्हणजे त्याही ऐकत होत्या. मग काका जे बोलले ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. अगदी शांतपणे, दुकानात कॅमेरा समजावतात त्याच आवाजात म्हणाले, "थांब मी सांगितलं, खरं आहे. पण थांबलीस तू. मी थांबलो नाही."

मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं आता. मी म्हटलं, "नाना प्रत्येक गाण्याआधी बोलले होते. ते द्या मला. न कापलेलं."

"ते घरगुती होतं गं. बघणाऱ्याला त्याचं काय. मी काढून टाकलं."

"तुमच्याकडे असेल ना. मूळ कार्डावर."

"कार्ड पुसलं," ते म्हणाले. "दुसरं काम होतं."

मी वर आले. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तव्यावरची उलटली आणि म्हणाली, "बिनआरशाचे म्हटलं होतं मी. चेष्टेत म्हटलं होतं." एवढंच.

जिना एकच असल्यामुळे काका दिसतात. ते मान खाली घालत नाहीत, मीच बाजूला होते. पुढे मी तोच कॅमेरा घेतला, ऑफर-बिफर न बघता, भर सीझनला, पूर्ण किमतीला. सुट्टीच्या दिवशी कोपरीतल्या, कळव्यातल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी घेते आणि त्यांच्या नातवंडांना बाजूला बसवते. बिल्डिंगमधली पोरं आता मला विचारतात, कुठला घेऊ. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, कोणाचा चेहरा? जीभ चावावीशी वाटते. पण ह्याहून बरा प्रश्न मला अजून सापडलेला नाही, आणि तो त्यांचाच आहे. फक्त माइकचं भोक, तापणं, चित्र हलणं एवढं बघून झालं की मी म्हणते, आजच जा.

व्हिडिओ काढून टाकायला लाव, असं केतन म्हणाला, मामा म्हणाला. नाही लावलं. नाना जिवंत दिसतात अशी ती एकच जागा आहे, आणि ती काकांनी केली आहे. त्यांनी शिकवलं होतं तसं मी त्यात चित्र बघत नाही, कट बघते. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एक कट आहे. सफाईने केलाय, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. नानांचं प्रत्येक गाणं 'ऐका' म्हणून सुरू होतं, म्हणजे तोंड उघडं हवं. पण कटच्या आधी निमिषभर, कापायचं राहून गेलेल्या चित्रात, नाना थेट लेन्समध्ये बघतात, डोळ्यांत हसू आहे, आणि ओठ घट्ट मिटलेले आहेत. 'प' म्हणताना मिटतात तसे. मी तिथे थांबते.